मोतीबिंदू एका रात्रीत होत नाही

मार्च संपत आला, की आमच्या निशी-कसाईत आई-बाबांचा हंगाम सुरू होतो. साकुरा बघायचा, नातवंडांना भेटायचं, म्हणून नव्वद दिवसांच्या व्हिसावर आलेले आजी-आजोबा संध्याकाळी बागेत फिरताना दिसतात. पायात नवे स्पोर्ट्स शूज, कानाला मफलर आणि बोलणं अस्सल मराठीत. त्यांच्या बॅगेत भाजणी, मेतकूट आणि तीन महिन्यांच्या बीपी-शुगरच्या गोळ्या असतात. आपण ट्रॅव्हल इन्शुरन्स काढतो, गोळ्या मोजून घेतो. डोळ्यांचा विषय मात्र "नंबर वाढला असेल" किंवा "मोतीबिंदू पिकत असेल, भारतात गेल्यावर बघू" एवढ्यावरच संपतो.

मी डॉक्टर नाही, कॉम्प्युटर इंजिनीअर आहे. पण माझी वहिनी कोल्हापूरला डोळ्यांची डॉक्टर आहे. तिचं एक वाक्य आमच्या इमारतीतल्या मराठी घरांमध्ये आता पाठ झालंय : "मोतीबिंदू हळूहळू वाढतो. नजर एकदम गेली किंवा एकदम बदलली, तर ते दुसरंच काहीतरी आहे. त्याच दिवशी दाखवायचं."

गेल्या वर्षी याचा प्रत्यय आला. आमच्या वरच्या मजल्यावरच्या मित्राचे वडील साताऱ्याहून आले होते. वय अडुसष्ट, एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन दोन वर्षांपूर्वी झालेलं. एका रविवारी संध्याकाळी ते म्हणाले, "या डोळ्यासमोर डास उडतायत आणि कडेला वीज चमकल्यासारखं होतंय." दुखत काहीच नव्हतं, म्हणून "झोप झाली की बरं वाटेल" असं त्यांचं मत. मित्राने वहिनीला व्हिडिओ कॉल लावला. तिने काकांना एकेक डोळा झाकून समोरच्या भिंतीकडे बघायला सांगितलं. तेव्हा कळलं, की ऑपरेशन झालेल्या डोळ्याने खालच्या कोपऱ्यात काळा पडदा दिसतोय. दोन्ही डोळे उघडे असताना ते लक्षातच येत नव्हतं.

हा दृष्टिपटल, म्हणजे रेटिना, सुटत असल्याचा इशारा होता. रेटिनाला वेदना कळत नाही, त्यामुळे माणूस निवांत राहतो. मोठा मायनस नंबर असलेले आणि मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेले यांना हा धोका जास्त. मधुमेहात डोळ्याच्या आत रक्तस्राव होऊनही असेच एकदम काळे ठिपके दिसू शकतात. गंमत म्हणजे जपानीत या ठिपक्यांना 'हिबुन्शो' म्हणतात, म्हणजे उडत्या डासांचा आजार! थोडे जुने डास बहुतेकांच्या डोळ्यांत असतात, त्यांची भीती नाही. पण अचानक खूप वाढले, सोबत वीज चमकली किंवा पडदा आला, तर थांबायचं नाही. काकांना त्याच रात्री हॉस्पिटलमध्ये नेलं, दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. रेटिनाचा मधला भाग, ज्याने आपण वाचतो, तो अजून सुटला नव्हता. काका आज पेपर वाचतात.

दुसरा प्रकार याहून घाईचा. एका डोळ्याने एकदम दिसेनासं होतं, तेही न दुखता. रेटिनाची रक्तवाहिनी बंद पडली, तर तो डोळ्यातला पक्षाघातच समजायचा. इथे क्लिनिक शोधत बसायचं नाही, थेट अँब्युलन्स बोलवायची. पाच-दहा मिनिटांत पुन्हा दिसायला लागलं तरी गप्प बसायचं नाही, कारण तो पुढच्या पक्षाघाताचा इशारा असू शकतो.

तिसरा प्रकार दुखणारा, पण फसवा. डोळा लाल, असह्य दुखणं, दिव्याभोवती रंगीत वलयं, त्यासोबत डोकेदुखी आणि उलटी. घरातले म्हणतात पित्त झालं, अर्धशिशी उठली. हा अचानक डोळ्याचा दाब वाढवणारा काचबिंदू असू शकतो. काही जणांमध्ये सर्दीच्या औषधांनीही हे होतं, म्हणून जपानी सर्दीच्या गोळ्यांच्या खोक्यावर काचबिंदूबद्दल सूचना असते. वयस्क माणसांना अशी गोळी देण्यापूर्वी दुकानातल्या फार्मासिस्टला विचारावं.

चौथा प्रकार लहान मुलांच्या घरातला : डोळ्यात रसायन जाणं. इथल्या दमट उन्हाळ्यात बाथरूमची बुरशी काढायला आपण सगळेच तो तीव्र वासाचा फवारा वापरतो. त्यात ब्लीच आणि अल्कली असते. ॲसिडपेक्षा अल्कली डोळ्यात खोल शिरते. आपल्याकडे तंबाखूबरोबरच्या चुन्याची पुडी दाबताना मुलांच्या डोळ्यात चुना उडतो, तोही याच जातीचा. जपानमध्ये शेंबे आणि नोरीच्या पाकिटात जी छोटी पुडी असते, तिच्यावर 'सेक्काई' लिहिलं असेल तर तो कळीचा चुना. मुलांच्या हाती ती लागू देऊ नका.

अशा वेळी आधी पाणी, मग फोन. कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर काढायची. बाधित डोळा खालच्या बाजूला ठेवून, पापण्या बोटांनी उघड्या धरून, नळाच्या मंद धारेखाली निदान पंधरा मिनिटं डोळा धुवायचा. फवाऱ्याच्या जपानी लेबलवरही वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा असंच लिहिलेलं असतं. मूल रडेल, ओरडेल, तरी थांबायचं नाही. चुना असेल तर पापण्यांवरचे कण आधी कोरड्या कापडाने झटकायचे आणि भरपूर पाणी वापरायचं, दोन थेंब नव्हे. लिंबू, दूध, तूप, गुलाबपाणी काही नको. मग बाटली सोबत घेऊन डॉक्टरकडे.

याच्या अगदी उलट नियम डोळ्यात काही घुसलं असेल तर. काच, तार, फटाक्याचा तुकडा रुतला, तर धुवायचं नाही, चोळायचं नाही, ओढून काढायचं नाही. कागदी कप डोळ्यावर उपडा ठेवून, डोळ्यावर दाब न देता चिकटपट्टीने बसवायचा आणि निघायचं. ऑपरेशन लागू शकतं, म्हणून तोवर खायला-प्यायला देऊ नये.

आता इथली व्यवस्था. डोळ्यांच्या दवाखान्याला 'गांका' म्हणतात. बहुतेक क्लिनिक रविवारी बंद, दुपारी लांब सुट्टी, आठवड्यात आणखी एखादा दिवसही बंद. वर्षअखेरीला तर सलग सुट्ट्या. तोक्योत हॅश ७११९ या नंबरवर कुठे जावं याचा सल्ला मिळतो. जपानी बोलणारी शेजारीण सोबत असेल तर उत्तम. आमच्या काकांसाठी तिनेच हा फोन केला होता. अँब्युलन्ससाठी ११९. पहिला प्रश्न येतो, "काजी देसु का, क्यूक्यू देसु का?" म्हणजे आग की अँब्युलन्स? "क्यूक्यू देसु" म्हणायचं. पुढची दोन वाक्यं आमच्या फ्रिजवर देवनागरीत चिकटवलेली आहेत : "क्यू नी मिएनाकु नारिमाशिता" म्हणजे एकदम दिसेनासं झालं, आणि "मे नी याकुहिन गा हाइरिमाशिता" म्हणजे डोळ्यात रसायन गेलं. अँब्युलन्स फुकट येते, पण पाहुण्यांना जपानी आरोग्य विमा नसतो. हॉस्पिटलचं बिल पूर्ण भरावं लागतं, म्हणून ट्रॅव्हल इन्शुरन्सचा कागद हाताशी हवा.

आणि जे आई-बाबा तिकडेच आहेत, त्यांचं काय? गावाकडे उसाचं पान डोळ्याला लागतं आणि मेडिकलमधून कुठलेतरी थेंब आणून घातले जातात. त्यात स्टेरॉइड असेल तर बुरशीची जखम चिघळते, बुबुळावर कायमचा पांढरा डाग राहतो. काही लागलं असेल आणि डोळा लाल होऊन दुखत असेल, तर थेंब नकोत, डॉक्टर हवा. एकदम दिसेनासं झालं तर १०८. पुण्यात ससून, मुंबईत जे. जे. अशा सरकारी रुग्णालयांतही डोळ्यांचे विभाग आहेत.

आम्ही आता रविवारच्या कॉलवर "जेवलीस का?" नंतर एक प्रश्न वाढवलाय. "आई, एकेक डोळा झाकून कॅलेंडर बघ बरं. दोन्ही डोळ्यांनी सारखंच दिसतंय का?" आई हसते, "तुमचं काहीतरी नवीनच" म्हणते, आणि उठून कालनिर्णयासमोर जाऊन उभी राहते. तुम्हीही या रविवारी विचारून बघा.