त्रैराशिक आणि पट्टी
भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त (इ. स. ११५०) त्रैराशिकाची रीत दिली आहे : प्रमाण व इच्छा या सजातीय राशी आदि-अंती, फल मध्ये, फलास इच्छेने गुणून प्रमाणाने भागावे. पाठांतरास ही रीत सुलभ खरी. परंतु सहावी-सातवीच्या विद्यार्थ्याची अडचण तिच्याही आधीची असते. पन्ह्यासाठी २ वाट्या गरास ३ वाट्या गूळ, तर ४ वाट्या गरास किती? पुष्कळ मुले ५ म्हणतात. येथे आकडेमोड चुकलेली नसते. २चे ४ होणे म्हणजे ‘दोनाने वाढणे’ही आणि ‘दुप्पट होणे’ही, भाषेला दोन्ही वर्णने मान्य, मुलाने त्यांतले गैरलागू तेवढे उचललेले असते.

अशा वेळी सारख्या चौकटींच्या दोन पट्ट्या एकीखाली एक काढाव्यात : गराच्या २ चौकटी, गुळाच्या ३. गर ४ वाट्या, म्हणजे प्रत्येक चौकट २ वाट्यांची, गूळ ६. सिंगापूरच्या शालेय गणितात ही पद्धत १९८०च्या दशकात रूढ झाली. तिचा खरा कस ‘गूळ गरापेक्षा ४ वाट्या अधिक’ अशा उदाहरणात लागतो. प्रमाण कोणते, हे तेथे शब्दांत सापडत नाही. पट्टीवर मात्र अधिकाची एकच चौकट उघड दिसते. ती ४ वाट्यांची. म्हणून गर ८, गूळ १२.