कोयता, पाळी आणि थायरॉईड

दिवाळीचा फराळ संपतो न संपतो तोच बीड जिल्ह्यातल्या धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार या भागांतून ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकाच्या वाटेला लागतात. पुढचे पाच-सहा महिने मुक्काम पाचटाच्या कोपीत. नवरा-बायको मिळून एक कोयता, डोक्यावर मुकादमाची उचल, आणि एक दिवस बसून राहिलं तर खाड्याचा दंड. या जिण्यात बाईचं दुखणं शेवटच्या रांगेत उभं राहतं.

२०१९ साली या दुखण्याचा एक भयंकर आकडा राज्यापुढे आला. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांची स्थिती तपासली. पाहणी झालेल्या ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली होती. म्हणजे साधारण सहा जणींमागे एक. देशात १५ ते ४९ वयोगटात हे प्रमाण त्या सुमारास तीन टक्क्यांच्या आसपास होतं. पाळीत जास्त अंगावर जातं, ओटीपोटात दुखतं, काम होत नाही, अशी तक्रार घेऊन गेलेली बाई पिशवी काढून परत येत होती.

जास्त अंगावर जाण्याची कारणं अनेक असतात : गर्भाशयातल्या गाठी, जंतुसंसर्ग, संप्रेरकांचा बिघाड, रक्त गोठण्याचे दोष. त्याच यादीत एक नाव असं आहे की ज्याचं निदान बोटभर नळीतल्या रक्तावर होतं आणि उपचार रोजच्या एका स्वस्त गोळीवर. ते नाव थायरॉईड. बीडसारख्या जिल्ह्यात या आजाराचा आढावा घ्यायचा तो याच कारणासाठी.

ग्रंथीचं काम

गळ्याच्या पुढच्या बाजूला, कंठमण्याच्या खाली, फुलपाखराच्या आकाराची ही ग्रंथी असते. अन्नातलं आयोडीन घेऊन ती टी-४ आणि टी-३ ही संप्रेरकं तयार करते. हृदयाचे ठोके, पचन, शरीराची ऊब, पाळीचं चक्र, पोटातल्या बाळाच्या मेंदूची वाढ या सगळ्यांची गती त्यांच्यावर ठरते. ग्रंथीवर देखरेख असते मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीची. तिचं संप्रेरक म्हणजे टीएसएच. बैल मंदावला की गाडीवानाचा आवाज चढतो, तसं थायरॉईड मंदावलं की रक्तातलं टीएसएच वाढतं. म्हणून टीएसएच जास्त म्हणजे थायरॉईडचं काम कमी. अहवाल हातात पडल्यावर इथेच अनेकांचा गोंधळ होतो.

ग्रंथी मंदावण्याचं नेहमीचं कारण म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीनेच तिच्यावर केलेला हल्ला. जपानी डॉक्टर हाकारू हाशिमोतो यांनी १९१२ साली त्याचं वर्णन केलं. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या, मुंबई आणि गोव्यासह आठ ठिकाणच्या अभ्यासात सुमारे अकरा टक्के प्रौढांत थायरॉईडची कमतरता आढळली. पुरुषांपेक्षा स्त्रियांत ती सुमारे तिप्पट होती, आणि अनेकांना आपल्याला आजार आहे याचा पत्ताच नव्हता.

ओळखायचं कसं

कमतरतेची लक्षणं हळूहळू येतात. थकवा, थंडी न सोसणं, बद्धकोष्ठ, कोरडी कातडी, केस गळणं, बसका आवाज, चेहऱ्यावर सूज, वाढलेलं वजन, अंग आखडणं, उदास वाटणं, पाळीत जास्त जाणं, दिवस न राहणं किंवा गर्भ न टिकणं. यातलं एकेक लक्षण रोजच्या कष्टातही दिसतं, म्हणून घरचे म्हणतात, ‘काम पडतं अंगावर, दुसरं काय!’ तीन-चार लक्षणं एकत्र आली आणि महिनोन्‌महिने हटली नाहीत, तर रक्त तपासलंच पाहिजे.

जाणता डॉक्टर यंत्राआधी डोळ्यांनी आणि हातांनी तपासतो. रुग्णाला मान किंचित वर करून पाण्याचा घोट गिळायला सांगतो. थायरॉईडची गाठ असेल तर ती गिळताना वर सरकते. मग पायाच्या घोट्यामागच्या शिरेवर छोट्या हातोडीने टिचकी मारतो. पाऊल झटकन हलतं, पण कमतरता असेल तर जागेवर परत यायला रेंगाळतं. यातली एखादी खूण दिसली की टीएसएच आणि टी-४ ची चिठ्ठी लिहिली जाते. ग्रंथीत गाठ लागली तर सोनोग्राफी, आणि गरज पडल्यास सुईने पेशी काढून तपासणी. बहुतेक गाठी साध्या निघतात. कर्करोग निघाला तरी त्याचा नेहमीचा प्रकार वेळेवर उपचारांनी आटोक्यात येतो.

टीएसएच किंचितच वाढलेलं असेल आणि टी-४ ठीक असेल, तर लगेच जन्माची गोळी सुरू करायची घाई नको. काही आठवड्यांनी पुन्हा तपासून निर्णय होतो. टीएसएच दहाच्या वर असेल, बाई गरोदर असेल किंवा दिवस राहावेत म्हणून उपचार घेत असेल, तर मात्र डॉक्टर सहसा थांबत नाहीत.

लाल गोळी आणि थायरॉईडची गोळी

जास्त अंगावर गेल्याने रक्त कमी होतं. थायरॉईडच्या कमतरतेनेही रक्त कमी होतं. मग आशाताई लोहाची लाल गोळी देतात, आणि ती द्यायलाच हवी. पण ती थायरॉईडच्या गोळीसोबत घेतली तर थायरॉईडची गोळी नीट शोषली जात नाही. कॅल्शियमच्या गोळीचंही तसंच. या दोन्ही गोळ्या आणि थायरॉईडची गोळी यांत चार तासांचं अंतर हवं.

थायरॉईडची गोळी म्हणजे लेव्होथायरॉक्सिन, शरीर जे संप्रेरक बनवतं तेच. ती उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि नंतर किमान अर्धा तास चहासुद्धा घ्यायचा नाही. फडावर पहाटे उठल्या उठल्या चूल पेटते आणि आधी चहा होतो. तिथे हे जमत नसेल, तर रात्री जेवणानंतर तीन तासांनी, झोपताना गोळी घेता येते. तसं डॉक्टरांना विचारून ठरवावं. रोजची एक गोळी धरली तर शंभर गोळ्यांची बाटली तीन महिन्यांच्या जरा वर पुरते, म्हणजे हंगामासाठी दोन बाटल्या गावातूनच न्याव्यात. ऊन आणि ओल या गोळीला सोसत नाही, म्हणून कोपीत चुलीजवळ किंवा पत्र्याच्या पेटीत तापू देऊ नये. एखादा दिवस चुकला तर घाबरण्याचं कारण नाही, कारण हे औषध शरीरात आठवडाभर रेंगाळतं. पण बरं वाटलं म्हणून महिनोन्‌महिने बंद केलं, तर दुखणं परत येतं. सुरुवातीला किंवा मात्रा बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा बघायचं.

ग्रंथी जास्त चालली तर

वजन उतरणं, छातीत धडधड, हातांना कंप, घाम, वारंवार शौचाला होणं, काहींचे डोळे पुढे आल्यासारखे दिसणं ही उलट टोकाची लक्षणं. यावर कार्बिमॅझोलसारखी औषधं देतात. ती चालू असताना ताप येऊन घसा दुखू लागला तर गोळी थांबवून त्याच दिवशी रक्त तपासावं, कारण क्वचित पांढऱ्या पेशी धोकादायकरीत्या घटतात. औषधांनी न भागल्यास शस्त्रक्रिया किंवा किरणोत्सारी आयोडीन. त्या उपचाराचं मुंबईतलं जुनं केंद्र म्हणजे भाभा अणुसंशोधन केंद्राने १९६३ साली परळला सुरू केलेलं रेडिएशन मेडिसिन सेंटर.

मीठ, बाजरी आणि बाळ

आयोडीन कमी पडून गळ्यातली ही ग्रंथी सुजते त्या गलगंडाचं वर्णन सुश्रुत संहितेतही आहे. त्यावरचा साधा उपाय भारतात सिद्ध झाला तो हिमाचलमधल्या कांगडा खोऱ्यात. डॉ. रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी १९५६ पासून तिथे आयोडीनयुक्त मीठ देऊन गलगंड घटतो हे दाखवलं. १९६२ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि २००६ पासून खाण्यासाठी बिनआयोडीनचं मीठ विकायला देशभर बंदी आली. तरी खडेमीठ आणि सैंधव अनेक घरांत रोजच्या जेवणात असतं, आणि त्यांत पुरेसं आयोडीन नसतं. बाजरीतले काही घटक थायरॉईडच्या कामात अडथळा आणतात, पण तो त्रास मुख्यतः आयोडीन कमी पडतं तिथे होतो. म्हणून आष्टी-पाटोद्याची बाजरीची भाकरी सोडायची गरज नाही. पाकिटातलं आयोडीनयुक्त मीठ झाकणाच्या बरणीत ठेवावं, म्हणजे झालं.

सगळ्यांत घाईची वेळ बाळाची. जन्मतः थायरॉईड कमी असलेलं बाळ सुरुवातीला साधंच दिसतं. उपचार लांबले तर बुद्धीची वाढ कायमची खुंटते, आणि पहिल्या दोन आठवड्यांत गोळी सुरू झाली तर मूल इतरांसारखं वाढतं. मुंबईत डॉ. मीना देसाई यांनी १९८०च्या दशकातच नवजात बाळांच्या चाचण्या केल्या होत्या. पुढे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीत सुमारे अकराशे बाळांमागे एक असं प्रमाण निघालं. टाचेतल्या रक्ताच्या थेंबावर होणारी ही चाचणी प्रत्येक प्रसूतिगृहात व्हायला हवी.

आता काय

२०१९ नंतर बीडमध्ये खासगी रुग्णालयात गर्भाशय काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी सक्तीची झाली. हे पाऊल योग्यच आहे. त्या परवानगीच्या कागदांत टीएसएचचा अहवाल असलाच पाहिजे, अशी माझी मागणी आहे. ज्यांची पिशवी आधीच काढली गेली आणि ज्यांचा थकवा, सूज, अंगदुखी त्याच नावावर खपवली जाते, त्यांचंही रक्त तपासलं जावं. अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय १९७४ पासून याच मातीत उभं आहे. टोळ्या निघण्याआधी, दसऱ्याच्या सुमारास, तालुक्या-तालुक्यात रक्ततपासणीची शिबिरं घेण्याइतकं बळ या जिल्ह्यात आहे.

आणि वाचकहो, तुमच्या घरात, शेतावर, शेजारी एखादी बाई सतत थकलेली, पाळीने हैराण झालेली दिसली, तर तिला पिशवी काढायचा सल्ला देऊ नका. तिला जवळच्या सरकारी दवाखान्यात घेऊन जा आणि डॉक्टरांना स्पष्ट विचारा, ‘हिचं थायरॉईड तपासलं का?’