मुहूर्तापासून उलटी मोजणी

पत्रिकेत १२ वाजून १७ मिनिटांचा मुहूर्त छापला, की लग्नाच्या दिवसाचं वेळापत्रक तिथून मागे मोजत यावं लागतं. नऊवारी, खोपा, मुंडावळ्या यांत दीड-दोन तास सहज जातात. मग वधू गौरीहर पुजायला बसते. म्हणजे तिची तयारी नऊच्या आत सुरू व्हायला हवी.

खरा घोळ होतो तो नंतर. शेवटची अक्षता पडताच अर्धा मांडव पंगतीकडे वळतो, उरलेला आहेराची पाकिटं घेऊन स्टेजपुढे रांग लावतो. कन्यादान, लाजाहोम, सप्तपदी मात्र अजून बाकीच असतात.

म्हणून गुरुजी, केटरर आणि फोटोग्राफर यांच्याशी आदल्या दिवशीच वेळा पक्क्या कराव्यात. मंगलाष्टकं म्हणायला उत्सुक आत्या-मावश्यांची यादीही गुरुजींच्या हाती आधीच द्यावी; नाहीतर मुहूर्त टळतो आणि अंतरपाट धरणाऱ्यांचे हात भरून येतात.