पडद्यावरील गोकुळचा कान्हा

सह्याद्रीच्या पायथ्याशीं, मुरबाडहून माळशेज घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर टोकावडें हें गांव आहे. ठाणें जिल्ह्याच्या या डोंगरपट्ट्यांत गोकुळाष्टमी येते ती भर पावसांत. भाताची लावणी उरकलेली असते, ओढे भरून वाहत असतात, आणि दहींहंडी फोडणाऱ्या पोरांच्या अंगावर पडणारें पाणी घागरीचें कीं आभाळाचें, हें सांगतां येत नाहीं. फुटलेल्या हंडींतला काला, म्हणजे दहीं, पोहे, लाह्या आणि लोणच्याची एखादी फोड, ज्याच्या हातीं येईल त्यानें खावा, त्यांत लहानमोठा पाहूं नये, हा या सणाचा धर्म. अशा मुलखांत श्रीकृष्ण हा आधीं गुराख्याचा पोर आणि मग देव. चित्रपटांतील निरनिराळ्या कृष्णांची तुलना करावयाची झाल्यास हीच कसोटी हातीं घेणें सोयीचें होईल: पडद्यावरचा कृष्ण या पोरांच्या थरांत खपून जाईल काय?

या कसोटीस उतरणारा पहिला कृष्ण मुलगा नव्हताच. ती मुलगी होती. दादासाहेब फाळके यांनीं ‘श्रीकृष्णजन्म’ (१९१८) व ‘कालियामर्दन’ (१९१९) या दोन्ही मूकपटांत कृष्णाची भूमिका आपली कन्या मंदाकिनी हिला दिली. त्या काळीं पडद्यावर काम करावयास स्त्रिया मिळत नसत. फाळक्यांच्या तारामतीचें आणि सीतेचें काम अण्णा साळुंके या पुरुषानें केलें होतें. तेथें खुद्द देवाचें सोंग सुमारें सात वर्षांच्या पोरीनें घ्यावें, ही मोठीच गंमत म्हटली पाहिजे. ‘कालियामर्दन’ आजहि पाहावयास मिळतो. त्याच्या प्रारंभीं मंदाकिनी केवळ मुद्रेनें निरनिराळे भाव दाखविते. पोरीच्या अभिनयाचा नमुना दाखवावा, एवढाच फाळक्यांचा हेतु असेल. परंतु त्याचा परिणाम दूरवर पोंचतो. लोणी चोरणारा, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या खोड्या काढणारा आणि शेवटीं यमुनेच्या डोहांत उडी घेणारा हा कृष्ण कोणाचें तरी लेंकरूं आहे, हें प्रेक्षक क्षणभरहि विसरत नाहीं. म्हणून कालिया खरोखरीच भयंकर वाटतो. नागाच्या फणेवर तें मूल नाचूं लागतें, तेव्हां छायाचित्रणाच्या करामतीपेक्षां त्याच्या धिटाईचेंच कौतुक अधिक वाटतें.

बोलपट आला आणि कृष्णास गळा फुटला. १९३२ सालीं भालजी पेंढारकर यांनीं दिग्दर्शित केलेला ‘श्यामसुंदर’ हा बोलपट मुंबईस पंचवीस आठवड्यांहून अधिक काळ चालला. त्यांतील कृष्ण म्हणजे चौदा वर्षांचे शाहू मोडक आणि राधा म्हणजे शांता आपटे. मोडक अहमदनगरच्या ख्रिस्ती कुटुंबांतले. परंतु पुढें कितीएक चित्रपटांतून त्यांनीं मोरपीस धारण केलें, आणि हिंदु प्रेक्षकांनीं त्यांना मनोभावें हात जोडले. तथापि एकच भूमिका वरचेवर केल्यानें तिची मूर्ति बनते. मंद स्मित, किंचित् कललेली मान आणि ओठांशीं मुरली, असा एक सांचा तयार झाला. १९८८ सालीं दूरदर्शनवर सुरू झालेल्या ‘महाभारत’ मालिकेंत नीतीश भारद्वाज यांनीं तें स्मित सार्थकीं लावलें, कारण तो कृष्ण प्रौढ, मुत्सद्दी, पुढचें सारें जाणणारा. तेंच स्मित गोकुळांतल्या पोराच्या तोंडावर चढविलें, कीं घोटाळा होतो. रामानंद सागर यांच्या १९९३ सालच्या ‘श्रीकृष्ण’ मालिकेंत किशोर कृष्णाचें काम स्वप्नील जोशी यांनीं केलें. मुलगा गोड, लोकांनीं त्याच्यावर लोभ केला. पण देवपणाची जाणीव आधीं आणि खोडी मागाहून, असा तेथला क्रम आहे. ज्याला आपण देव आहों हें ठाऊक, त्यास यशोदेच्या छडीची भीति कशी वाटावी?

या सर्वांत प्रभात फिल्म कंपनीचा ‘गोपाळकृष्ण’ वेगळा उठून दिसतो. १९२९ सालीं कोल्हापुरांत स्थापन झालेल्या प्रभातचा पहिला मूकपट याच नांवाचा होता. नऊ वर्षांनीं, कंपनी पुण्यास आल्यावर, दामले व फत्तेलाल यांनीं तोच विषय बोलपटासाठीं पुन्हां घेतला. या वेळीं कृष्ण झाले तेरा-चौदा वर्षांचे राम मराठे. राधा मात्र पुन्हां शांता आपटे. सहा वर्षांपूर्वीं राधाकृष्ण बरोबरीचे होते. आतां राधा मोठी आणि कृष्ण पोर. साहजिकच शृंगार मागें सरला आणि वात्सल्य पुढें आलें.

याहून महत्त्वाचें म्हणजे हा कृष्ण एकटा नाहीं. गवळ्यांचीं पोरें त्याच्या भोंवतीं आहेत, आणि तमाशाच्या गौळणींतून मराठी माणसाच्या ओळखीचा झालेला पेंद्याहि त्यांत आहे. गोकुळाचें गोधन कंसाच्या डोळ्यांत सलतें, आणि त्याचा सेनापति केशी गांवावर चालून येतो. १९३८ सालच्या प्रेक्षकाला मथुरा कोणती आणि कंस कोण, हें निराळें सांगावें लागलें नसेल. खेड्यानें राबावें आणि दूधदुभतें शहरानें न्यावें, ही तक्रार तर गौळणींइतकीच जुनी. या गोकुळावर पाऊस कोसळतो आणि कृष्ण गोवर्धन उचलतो, तेव्हां तो चमत्कार फारसा परका वाटत नाहीं. ज्या मुलखांत गुराखी श्रावणसरींत डोक्यावर इरलें घेऊन गुरें राखीत आला, तेथें गोवर्धन म्हणजे साऱ्या गांवानें मिळून डोक्यावर घेतलेलें इरलेंच होय.

राम मराठे पुढें मास्तर कृष्णरावांचे शिष्य आणि नामांकित गवई झाले. त्यांचें वास्तव्य ठाण्यास होतें, आणि त्यांच्या स्मरणार्थ त्या शहरांत संगीतमहोत्सव भरतो. पण ‘गोपाळकृष्ण’ नंतर अवघ्या एका वर्षानें, १९३९ सालीं, प्रभातच्या ‘माणूस’ या बोलपटांत एक मौजेचा योग आला. त्यांत शाहू मोडक पोलीस शिपाई झाले आणि राम मराठे चहाच्या दुकानांतला पोऱ्या. दोन्ही कृष्ण एकाच चित्रांत, आणि मुरली कोणाच्याच हातीं नाहीं.