घरची मोटार : कोणतें इंधन स्वस्त?

एकत्र कुटुंबांत मोटार घ्यावयाचें ठरलें म्हणजे तिच्या रंगापासून तों बैठकीपर्यंत प्रत्येकाचें मत निराळें असतें. अलीकडे या मतभेदांत इंधनाच्या वादाची भर पडली आहे. बारामतीला लागून असलेल्या जळोचींत आमच्या एका स्नेह्यांच्या घरीं हा वाद आम्हीं नुकताच ऐकला. थोरल्या बंधूंना पेट्रोलची गाडी हवी होती, कारण ती कोठेंहि अडत नाहीं. मधल्यांचा ओढा सी.एन.जी.कडे. धाकट्या सूनबाई रोज भिगवणच्या बाजूस नोकरीसाठीं जातात. त्यांचा आग्रह विजेच्या गाडीचा. प्रत्येकाजवळ आकडे होते, आणि मौज अशी कीं सर्वांचेच आकडे खरे होते. तरीहि निर्णय होईना. कारण जो आकडा आधीं विचारावयाचा, तो कोणींच विचारला नव्हता. गाडी वर्षाकांठीं चालणार किती?

पहिली अडचण मापाची आहे. पेट्रोल लिटरनें, सी.एन.जी. किलोनें आणि वीज युनिटानें मिळते. तेव्हां पाटीवरचे भाव एकमेकांशीं ताडून पाहणें म्हणजे दुधाचा भाव ज्वारीशीं ताडण्यासारखें आहे. उष्णतेच्या दृष्टीनें एक किलो सी.एन.जी. सुमारें दीड लिटर पेट्रोलच्या तोलाचा भरतो. एका लिटर पेट्रोलमध्यें जवळजवळ ९ युनिट विजेइतकी शक्ति असते. परंतु पेट्रोलच्या यंत्रांत तिचा सुमारें पाऊण हिस्सा उष्णतेच्या रूपानें वायां जातो. विजेची मोटार मात्र मिळालेल्या शक्तीचा बहुतेक भाग चाकांपर्यंत पोंचविते. विजेची गाडी चालविण्यास स्वस्त कां, याचें मुख्य कारण हेंच.

आतां खरें माप घेऊं, म्हणजे एका किलोमीटरचा खर्च. भाव बदलत असतात, म्हणून आम्ही हिशेबापुरते ठोकळ आकडे धरतों. वाचकांनीं त्या जागीं आपल्या गांवचे आकडे घालावेत. पेट्रोल १०५ रुपये लिटर आणि लिटरला साडेसतरा किलोमीटर धरल्यास किलोमीटरला ६ रुपये पडतात. सी.एन.जी. ९० रुपये किलो आणि किलोला २४ किलोमीटर धरल्यास ३ रुपये ७५ पैसे. विजेची लहान गाडी १०० किलोमीटरला १५ युनिट घेते असें धरलें आणि घरची वीज १० रुपये युनिट मानली, तर अवघा दीड रुपया. तीच गाडी रस्त्यावरच्या केंद्रांत २० रुपये दरानें भरली, तर मात्र ३ रुपये.

एवढें ऐकून सूनबाईंचा जय झाला असें कोणासहि वाटेल. परंतु स्वस्त इंधनाची गाडी विकत घेतांना महाग असते. सी.एन.जी.च्या गाडीस पेट्रोलच्या गाडीपेक्षां ९० हजार रुपये अधिक पडतात आणि विजेच्या गाडीस ३ लाख ६० हजार, असें समजूं. सी.एन.जी.मध्यें किलोमीटरमागें सव्वादोन रुपये वांचतात. म्हणजे जादा रक्कम फिटावयास ४० हजार किलोमीटर चालावें लागेल. विजेच्या गाडीत साडेचार रुपये वांचतात. तेथें ८० हजार किलोमीटर चालल्यावर फेड होईल.

जळोचीच्या घरांत थोरल्यांनीं वर्षाचा प्रवास मोजला तो असा : पुण्यास जाऊनयेऊन सुमारें २०० किलोमीटर, अशा पंधरावीस फेऱ्या, शिवाय लग्नकार्यें, जेजुरी आणि मोरगांव. एकंदर ६ हजार किलोमीटर. या चालीनें सी.एन.जी.ची फेड पावणेसात वर्षांनीं आणि विजेची सव्वातेरा वर्षांनीं होते. मग पेट्रोलच बरें, हें त्यांचें म्हणणें चूक नव्हतें.

चूक होती ती मोजणींत. सूनबाईंची रोजची ६० किलोमीटरांची ये-जा त्यांत धरलीच नव्हती! आजवर त्या भाड्याच्या गाडीनें, स्वतःच्या पगारांतून पैसे देऊन जात. म्हणून तो प्रवास घरचा असें कोणाच्या मनांतच आलें नाहीं. वर्षाचे ३०० दिवस धरले तर तो १८ हजार किलोमीटर होतो, म्हणजे इतर सर्वांच्या प्रवासाच्या तिप्पट! दोन्ही मिळून २४ हजार किलोमीटर झाले, आणि हिशेब पालटला. सी.एन.जी.ची फेड वीस महिन्यांत, विजेची तीन वर्षें चार महिन्यांत. आणि पांच वर्षांनंतर वीज सी.एन.जी.सहि मागें टाकते.

रिक्षावाल्यांना ही गोष्ट मोटारवाल्यांच्या आधीं उमगली. बारामतीच्या औद्योगिक वसाहतींत पियाजिओ कंपनी तीन चाकी वाहनें बनविते; त्यांत सी.एन.जी.चीं आहेत, तशीं विजेचींहि आहेत. ज्याचें वाहन दिवसभर फिरतें, त्याची जादा रक्कम लवकर फिटते. ज्याची मोटार पडवींत झांकून ठेवलेली असते, त्याला स्वस्त इंधनहि महागच पडतें.

खर्चांत श्रमहि धरावे लागतात. १९३९-४५ च्या महायुद्धांत पेट्रोलचें नियंत्रण झालें, तेव्हां आपल्याकडे कोळशाच्या गॅसवर मोटारी चालूं लागल्या. कोळसा स्वस्त होता; परंतु भट्टी पेटवून वाट पाहावी, राख काढावी, गाळण्या साफ कराव्या, आणि इतकें करूनहि चढावर गाडी धापा टाकी. पेट्रोल मोकळेपणीं मिळूं लागतांच लोकांनीं त्या भट्ट्या उतरविल्या. आजहि सी.एन.जी.ची टांकी सामानाची जागा अडविते आणि दर तीन वर्षांनीं तपासून घ्यावी लागते. विजेच्या गाडीस घरीं स्वतःची जागा व जोडणी हवी, आणि लांबच्या प्रवासांत भरण्याची सोय आधीं पाहून ठेवावी लागते. बॅटरीबद्दल पुष्कळ कारखानदार ८ वर्षें किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर यांपैकीं जें आधीं येईल तोंवर हमी देतात. ती लेखी पाहून घ्यावी.

थोरल्यांच्या पेट्रोलसंबंधींहि एक गोष्ट सांगितली पाहिजे. आजचें पेट्रोल निव्वळ पेट्रोल नव्हे. मद्यार्क मिसळण्याचा कायदा १९४८ सालचाच. पुढें २००१ मध्यें मिरज व मनमाड येथें इथेनॉलमिश्रणाचे प्रयोग झाले आणि २०२५ सालीं मिश्रणाचें प्रमाण २० टक्क्यांवर पोंचलें. इथेनॉलमध्यें पेट्रोलच्या सुमारें दोनतृतीयांश शक्ति असते. निव्वळ पेट्रोलसाठीं रचलेल्या जुन्या मोटारींची चाल या मिश्रणानें ६ ते ७ टक्के घटते, असा नीति आयोगाच्या २०२१ च्या अहवालाचा अंदाज आहे. २० टक्क्यांसाठीं जुळविलेल्या गाड्यांत ही घट १ ते २ टक्केच धरली आहे. ज्या घरचा ऊंस कारखान्यास जातो, त्या घरास एका हातानें मिळतें आणि पंपावर दुसऱ्या हातानें कांहीं जातें. शिवाय हा ऊंस पाण्यावरचा आहे. १८८५ सालच्या नीरा डाव्या कालव्यानें या मुलुखास ऊंस दिला. परंतु पाऊस कमी झाला, तेव्हां डिसेंबर २०२३ मध्यें उंसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर सरकारला बंधन घालावें लागलें. तें २०२४ सालीं उठलें. शेतांत पिकणारें इंधनहि फुकटचें नसतें, एवढाच याचा अर्थ.

तेव्हां गृहस्थांनीं दुकानांत जाण्यापूर्वीं एक महिना घरांत वही ठेवावी. कोण, कोठें, किती किलोमीटर गेलें तें रोज लिहावें. भाड्याच्या गाडीचा आणि बसचा प्रवासहि त्यांत यावा. मग गाडीच्या जादा किमतीस किलोमीटरमागील बचतीनें भागावें. भागाकार येईल तितके किलोमीटर चालल्यावर फेड होते. हा आंकडा पांचसहा वर्षांत गांठतां येत असेल तर नवें इंधन घ्यावें. नाहीं तर पेट्रोलच ठेवण्यांत कमीपणा नाहीं. मात्र त्या वहींत घरांतील प्रत्येकाचें नांव असावें. जळोचीच्या घरीं तशी वही आतां ठेवली आहे, आणि तिच्या पहिल्या पानावर पहिलें नांव सूनबाईंचें आहे.