चुंबक चिकटलं म्हणून स्टील खोटं?

भांड्यांच्या दुकानात पातेलं घेताना अनेक जण त्याला चुंबक लावून बघतात. चिकटलं तर स्टील हलक्या प्रतीचं, नाही चिकटलं तर अस्सल. ही परीक्षा घरोघरी रुजली आहे, आणि ती दोन्ही बाजूंनी फसवते.

स्टेनलेस स्टील हे लोखंडाचं संमिश्र. त्यात किमान १०.५ टक्के क्रोमियम असतं. हवेतल्या ऑक्सिजनशी त्याचा संयोग होऊन पृष्ठभागावर क्रोमियम ऑक्साइडचा अतिशय पातळ थर धरतो आणि आतलं लोखंड गंजापासून वाचतं. ओरखडा पडला तरी हवा लागताच थर पुन्हा तयार होतो. गंज रोखतं ते क्रोमियम. चुंबक चिकटणार की नाही, हे मात्र आतल्या अणूंच्या मांडणीवर ठरतं.

भांड्यांसाठी नावाजलेल्या ३०४ प्रतीत सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. निकेलमुळे ही मांडणी बदलते, म्हणून चुंबक चिकटत नाही. पण निकेल महाग. त्यामुळे २०० मालिकेतल्या स्वस्त स्टीलमध्ये ते कमी करून मँगनीज घालतात. तेही चुंबकाला दाद देत नाही, पण गंजापुढे ३०४ इतकं टिकत नाही. उलट ३०४ चा पत्रा खोल दाबून घडवलेल्या पातेल्याला काठाशी चुंबक किंचित ओढ घेऊ शकतं, कारण दाबामुळे तिथली मांडणी बदललेली असते. चांगल्या सुरीचं पातं तर चिकटतंच. धार टिकायला लागणारं कडक स्टेनलेस स्टील चुंबकीय जातीचं असतं. घरी एक रुपयाच्या सध्याच्या नाण्याला चुंबक लावून बघा. ८३ टक्के लोखंड आणि १७ टक्के क्रोमियमचं हे नाणं चटकन चिकटतं, तरी किती हातांतून फिरूनही सहसा गंजत नाही. म्हणून दुकानात चुंबकापेक्षा प्रतीचा क्रमांक विचारावा.

स्टेनलेस स्टील कधीच गंजत नाही, हेही खरं नाही. मिठाचं पाणी भांड्यात बराच काळ राहिलं, तर क्लोराइड तो थर भेदतं आणि बारीक खड्डे पडतात.

मिसळ म्हणजे भेसळ, हा समज सोन्यापाशी तरी सुटायला हवा. शुद्ध सोनं इतकं मऊ, की त्याची बांगडी सहज वाकते. २२ कॅरेटमध्ये ९१.६ टक्के सोनं असतं, बाकी मुख्यतः तांबं आणि चांदी. वेगळ्या धातूचे अणू मध्ये आले की सोन्याच्या अणूंचे थर एकमेकांवरून सहज सरकत नाहीत, आणि दागिना टिकतो. जर्मन सिल्व्हरच्या समईत मात्र चांदीचा अंशही नसतो. ते तांबं, निकेल आणि जस्ताचं संमिश्र.

संमिश्राचे गुण घटकांच्या सरासरीइतके असतात, असंही विद्यार्थ्यांना वाटतं. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळतं, शिसं ३२७ अंशांना. पण ६३ टक्के कथील आणि ३७ टक्के शिसं घेऊन केलेलं सोल्डर १८३ अंशांनाच वितळतं, दोघांच्याही खाली. म्हणूनच सर्किटचे नाजूक भाग न जाळता तार जोडता येते. शिसं विषारी असल्याने आता शिसेविरहित सोल्डर जास्त वापरतात.

पितळेबद्दलही एक समज फार पक्का आहे: त्या भांड्यात ठेवलेलं सगळंच आरोग्याला चांगलं. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. ताक, चिंच, आमसूल अशा आंबट पदार्थांत हे धातू विरघळतात, पदार्थ कळकतो आणि खाल्ल्यावर मळमळतं. कल्हई केवळ चकाकीसाठी नसते. भांडं तापवून, नवसागराने स्वच्छ करून, आतून कथलाचा हात फिरवला की अन्न आणि पितळ यांच्यामध्ये आडोसा तयार होतो. कथील २३२ अंशांना वितळतं, हे इथेही लक्षात ठेवावं. कल्हईचं भांडं रिकामं शेगडीवर राहिलं, तर हा थर वितळून जागोजागी पितळ उघडं पडतं आणि कल्हई पुन्हा करून घ्यावी लागते.