पापुद्रा कवक

कुजणाऱ्या लाकडावर पातळ थराच्या रूपात पसरणाऱ्या बुरशींना पापुद्रा कवक म्हणता येईल. अळिंबीप्रमाणे त्यांना देठ किंवा छत्री नसते. लाकडाला चिकटलेला, बहुधा कागदाइतका किंवा पुठ्ठ्याइतका जाड थर हेच त्यांचे बीजुके निर्माण करणारे अंग होय. पांढरट, पिवळसर, करड्या वा तपकिरी रंगामुळे तो चुन्याचा शिंतोडा वाटतो. टेराना सेरुलिया ही मखमली गडद निळी जाती मात्र सहसा नजरेतून सुटत नाही. हे सर्व कवक एकाच कुळातील नाहीत. वेगवेगळ्या वंशांत हा साधा आकार स्वतंत्रपणे विकसित झाला आहे.

रचना

पडलेल्या फांदीच्या खालच्या बाजूस हा थर अधिक आढळतो. तेथे ओल टिकते, पावसाचा थेट मारा बसत नाही आणि सुटलेली बीजुके हवेत सहज मिसळतात. दिसणारा पापुद्रा हा कवकाचा लहानसा भाग असतो; त्याचे कवकजाल लाकडाच्या आत दूरवर पसरलेले असते.

लाकडाचे विघटन

लाकडाला कणखरपणा देणारे लिग्निन हे द्रव्य फारच थोड्या सजीवांना मोडता येते. बहुतेक पापुद्रा कवक ते मोडतात व लाकूड पांढरट, तंतुमय आणि हलके होते. यास श्वेत कूज म्हणतात. फॅनेरोकीटी क्रायसोस्पोरियम या पापुद्रा कवकात लिग्निन मोडणारे विकर १९८३ मध्ये सापडले. गदाकवकांपैकी सर्वप्रथम याच जातीचा जनुकसंच २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. सुमारे ४० अंश सेल्सिअस तापमानातही ती जोमाने वाढते.

मुंबई उपनगरांत

बोरिवली ते मुलुंडदरम्यान पसरलेल्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातील पानझडी जंगलात, तसेच गोरेगावच्या आरे परिसरात, पावसाळ्यात पडलेल्या फांद्यांवर असे थर दिसतात. उन्हाळ्यात ते वाळून ठिसूळ होतात.

जिवंत खोडावरील दगडफुलांशी त्यांची गल्लत होते. दगडफुलात शैवालाची सोबत असते व खरवडल्यास बहुधा हिरवा थर दिसतो. पापुद्रा कवकात शैवाल नसते. उभ्या झाडाच्या वाळक्या फांदीवर पापुद्रा दिसला म्हणून संपूर्ण झाड रोगट ठरत नाही, कारण ती फांदी बहुतेकदा आधीच मेलेली असते. संपूर्ण झाड तोडण्यास एवढे कारण पुरेसे नाही. मात्र कुजलेली फांदी कमकुवत झालेली असल्याने रस्त्यावर किंवा वसाहतीच्या आवारात झुकलेली असल्यास काढणे योग्य. खोडाच्या बुंध्याशी फळीसारखे कडक कवक वाढले असेल, तर गोष्ट वेगळी. तेथे मुळे व बुंधा आतून कुजलेला असू शकतो आणि जाणकाराकडून तपासणी आवश्यक ठरते. जंगलातील पडझड मात्र जागीच राहू द्यावी लागते. ती सरपणासाठी किंवा स्वच्छतेसाठी उचलली, तर कवकांचा आधार जातो आणि लाकडातील पोषकद्रव्ये त्या मातीत परतत नाहीत.

केवळ रंगावरून जाती ठरवता येत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली बीजुके व कवकतंतू तपासावे लागतात. महाराष्ट्रात कवकांचे वाळवलेले नमुने पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतील आजरेकर कवकसंग्रहात जतन केले जातात.